मुंबईची मेट्रो ३ जमिनीखालून जाते, मग गिरगाव-काळबादेवीत इमारती का पाडल्या?

बोगदा खालूनच गेला, पण स्टेशनला वर जागा लागतेच. जिने, लिफ्ट, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, शिवाय बांधकाम चालू असताना माणसं आणि यंत्रं खाली उतरवायला खोल विवरं. ३३.५ किलोमीटरच्या या मार्गावर बऱ्याच ठिकाणी रस्ता खणून स्टेशन बांधता आलं. जगन्नाथ शंकरशेट मार्ग मात्र अरुंद, दोन्ही बाजूंच्या जुन्या इमारती रस्त्याला अगदी चिकटून. तिथे मोकळी जागा आणणार कुठून?

रहिवाशांचा मुख्य आग्रह गिरगाव सोडणार नाही हा होता, आणि तो मला शंभर टक्के रास्त वाटतो. पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेल्या) खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबाला लांब उपनगरात मोठा फ्लॅट दिला म्हणून भरपाई होत नाही. दुकान, शाळा, चाळीचा गणपती सगळं इथेच. शेवटी त्याच भागात पुनर्वसनाच्या इमारती बांधायचं ठरलं. मधला काळ मात्र बाहेर भाड्याच्या घरात काढावा लागला.

तुमच्या भागात मेट्रोची लाइन येत असेल, तर भाडं किती, कधीपर्यंत आणि नवं घर नेमकं कुठे, हे खोली रिकामी करण्याआधी करारात लिहून घ्या.