पिल्लू पंधरा हजाराचं, पण पाठीचं काय?

या वेळी डॅशहंड या लांब अंगाच्या, आखूड पायांच्या कुत्र्याबद्दलच एवढी पत्रं आली की पूर्ण सदर त्यालाच दिलंय. आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही. बावीस वर्षांत माझ्या घरात तीन डॅशहंड झाले, त्यातून जे शिकले आणि जळगावात खिशातून जे पैसे गेले, त्यावरून लिहिते. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही अमळनेरला राहतो. मिस्टर शाळेत शिक्षक, मी घरी शिवणकाम करते. मुलगी सातवीत आहे, जळगावला मावशीच्या शेजारी तो लांबुळका बुटका कुत्रा बघून आली तेव्हापासून तोच हवा म्हणून मागे लागलीये. पिल्लू १५ हजाराला सांगतायत. सासूबाई म्हणतात, "कुत्राले इतला पैसा कसाले?" आम्ही १५ हजार कसेतरी जमवू, पण पुढे महिन्याला किती लागेल ते कोणी नीट सांगतच नाही. तुम्ही खरं खरं सांगा.

उत्तर : ताई, सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे आणि तो पिल्लू आणायच्या आधी विचारला हे फार चांगलं झालं. बहुतेक लोक नंतर विचारतात.

आपल्याकडे साध्या, बिनकागदाच्या पिल्लाला १० ते १५ हजार सांगतात, केनेल क्लब ऑफ इंडियाचे (जातीच्या नोंदणीचे) कागद असले तर २० हजार आणि त्याच्याही वर. पण पिल्लाची किंमत हा यातला छोटाच खर्च आहे. पहिल्या वर्षाचा हिशोब मांडते, वहीत उतरवून घ्या. पिल्लू १५ हजार. दीड-दोन महिन्यांपासून तीन-तीन चार-चार आठवड्यांनी एकत्रित लस, असे तीन डोस, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, डॉक्टरांची फी धरून हे सगळं ३ हजारापर्यंत जातं. जंताचं औषध लहानपणी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, त्याचे वर्षाचे पाचशे. हार्नेस (छातीला बांधायचा पट्टा), भांडी, अंथरूण, एक चांगला पिंजरा यांचे ३ हजार. (पिंजरा म्हटलं की लोकांना वाईट वाटतं, पण या कुत्र्याला तो पुढे औषधासारखा कामाला येतो, का ते खाली सांगते.) खाणं महिन्याला दीड हजार धरा, म्हणजे वर्षाचे १८ हजार. गोचिडाचं औषध, तीन महिने चालणारी गोळी घेतली तर वर्षाला ६ हजार. नसबंदी ७ हजाराच्या आसपास. आणि पोट बिघडणं, खाज, कान दुखणं असल्या किरकोळ दवाखान्याला ३ हजार. बेरीज केली की ५५ हजार ५०० येते. तुमच्या गावी हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील, पण ५० हजाराच्या खाली पहिलं वर्ष निघेल असं धरू नका.

दुसऱ्या वर्षापासून पिल्लू, पिंजरा, नसबंदी गेलं तरी खाणं, लस, गोचीड, दवाखाना मिळून महिन्याला अडीच हजार, म्हणजे वर्षाला ३० हजार. डॅशहंड नीट सांभाळला तर १२ ते १६ वर्षं जगतो. पहिल्या वर्षानंतरची १३ वर्षं जरी धरली तरी ३ लाख ९० हजार होतात, आणि तेसुद्धा आजच्या भावाने.

गोचिडाचे ६ हजार बघून मिस्टर म्हणतील की पावडर मारू. आपल्या भागात तसं करू नका. उन्हाळा-पावसाळ्यात गोचीड भिंतीच्या फटीत, कुंड्यांच्या खाली, ओट्याच्या कपारीत असतात आणि त्यांच्यापासून एर्लिकिया, बबेसिया असले रक्ताचे ताप येतात. तो ताप आला की रक्ततपासणी, सलाईन, महिनाभर गोळ्या, ६ हजार वाचवायला जाऊन ८ हजार जातात आणि जनावराचे हाल होतात ते वेगळे.

आता पाठीचं, यासाठीच एवढं लांब लिहितेय. ही जात जर्मनीत बिळातला बॅजर नावाचा प्राणी हुसकायला तयार केली, जर्मनमध्ये डॅक्स म्हणजे बॅजर आणि हुंड म्हणजे कुत्रा. बिळात शिरता यावं म्हणून पाय आखूड आणि अंग लांब. पण पाय ज्या जनुकामुळे आखूड होतात त्याच जातकुळीतल्या जनुकामुळे मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक होतात, आणि मग एखाद्या उडीत किंवा कधीकधी काहीच न करता गादी सरकून मज्जारज्जूवर दाबते. साधारण चार-पाच डॅशहंडांत एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, जास्त करून ३ ते ७ या वयात. हे नशीब नाही, जातीतच आहे, म्हणून विकत घेतानाच त्याचा खर्च धरायला पाहिजे.

माझी दुसरी कुत्री, रावी, पाच वर्षांची होती. रात्री जेवून झोपली आणि सकाळी मागचे दोन्ही पाय फरशीवर ओढत माझ्याकडे आली. ती सरपटत आली आणि तरी शेपूट हलवायचा प्रयत्न करत होती, ते आजही डोळ्यासमोरून जात नाही. आधी एका ठिकाणी दाखवलं तिथे "दोन दिवस बघू" म्हणाले, मी ऐकलं नाही, संध्याकाळी गाडी करून रातोरात पुण्याला नेली. एमआरआय, ऑपरेशन, चार दिवस तिथे राहणं, गाडीभाडं, सगळं मिळून लाखाच्या जवळ गेलं. ती दोन महिन्यांनी चालली, थोडी तिरकी चालायची, पण त्यानंतर सहा वर्षं जगली. मी तेव्हा हातातल्या पाटल्या मोडल्या, आणि परत वेळ आली तर परत मोडीन. पण तुम्हाला मोडायला लागू नयेत म्हणून सांगते, पिल्लू आणाल त्याच महिन्यापासून पोस्टात किंवा बँकेत महिन्याला १ हजाराचं आरडी उघडा, त्याला हात लावायचा नाही. कुत्रा पाच वर्षांचा होईपर्यंत ६० हजार आणि वरचं व्याज जमतं. त्रास झालाच नाही तर म्हातारपणी दात, डोळे, हृदय यांना ते पैसे लागतातच.

म्हणजे अडीच आणि एक, महिन्याला साडेतीन हजार. तेवढे निघत असतील तर आणा, मुलीला फार जीव लावेल, डॅशहंड हट्टी असतो पण माणसाला सोडत नाही. निघत नसतील तर मुलीला समोर बसवून हा हिशोब दाखवा, सातवीतल्या मुलीला कळतो. गल्लीतलं गावठी पिल्लू घ्या, त्याला लस, जंत, गोचीड, नसबंदी सगळं लागतंच, पण पिल्लाचे पैसे वाचतात, घरचा खुराक चालतो आणि पाठीचं हे भय फारसं नसतं. ते कमी प्रतीचं कुत्रं नाही, आपल्या उन्हाला तर तेच जास्त पुरं पडतं.

प्रश्न : ताई, मी धुळ्याचा, कॉलेजला आहे. ऑनलाईन एकाने मिनी डॅशहंड ५,५०० ला सांगितलाय, ठिपक्याठिपक्याचा, फोटो एक नंबर आहे. २ हजार ऍडव्हान्स मागतोय, पिल्लू गाडीने पाठवतो म्हणतो. घेऊ का? मिनी म्हणजे खर्च पण कमी ना?

उत्तर : नाही भाऊ, घेऊ नको. पिल्लू डोळ्यांनी बघितल्याशिवाय, त्याची आई बघितल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. हे लोक आधी २ हजार घेतात, मग पिंजऱ्याचे पैसे, मग वाटेत अडकलंय, लसीचा दाखला काढायचाय, असं करत करत पिल्लाच्या दुप्पट काढतात आणि पिल्लू नसतंच. आणि खरंच आलं तरी कधी ३५-४० दिवसांचं, आईपासून तोडलेलं, रस्त्याच्या धक्क्याने अर्धमेलं येतं. ब्रीडरांसाठी (पिल्लं काढून विकणाऱ्यांसाठी) २०१७ चे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद माग, मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडून घ्यायचंच नाही. लस न झालेल्या पिल्लाला पार्व्हो (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) झाला तर पाच-सात दिवस सलाईन, ५ ते १० हजार जातात आणि पिल्लू वाचेलच असं नाही.

ठिपक्यांचं पण ऐक. तो रंग दिसायला छान, पण आई आणि बाप दोघंही ठिपक्याचे असतील तर काही पिल्लं बहिरी, आंधळी निघतात. म्हणून दोघांचे रंग विचार. मिनी म्हणजे मोठा झाल्यावर ५ किलोच्या आत, आणि स्टँडर्ड ७ पासून १४ किलोपर्यंत. मिनीचं खाणं थोडं कमी लागतं, लस तेवढीच, पाठीचा धोका तोच. आणि पिल्लू दोन महिन्यांचं असताना मिनी का स्टँडर्ड हे आईबाप बघूनच कळतं, फोटोत सगळेच मिनी दिसतात.

प्रश्न : ताई, शहाद्याहून लिहितोय. आमचा शेरू, डॅशहंड, पाच वर्षांचा, वजन १४ किलो. शेतातल्या घरी असतो, आमच्यासोबत सगळं खातो, वरण-बट्टी त्याची आवडती. दोन दिवसांपासून ओट्यावर चढत नाही, पाठ वर काढून उभा राहतो, उचललं की ओरडतो. घरातली अंगदुखीची गोळी देऊ का?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचल्याबरोबर मी फोन केला होता, इथे बाकीच्यांसाठी लिहिते. माणसाची गोळी अजिबात द्यायची नाही, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कोणतीच नाही. कुत्र्याचं यकृत, किडनी, पोट त्याने जातं. पाठ वर काढणं, थरथरणं, उचलल्यावर ओरडणं, ओट्यासमोर उभं राहून विचार करणं, ही गादी सरकल्याची सुरुवातीची लक्षणं आहेत. या टप्प्यावर डॉक्टरांच्या औषधासोबत चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती दिली तर बरेच कुत्रे ऑपरेशनशिवाय बरे होतात. शेरूचं तेच चाललंय, एक्स-रे आणि औषधं मिळून आतापर्यंत साडेतीन हजार झाले. शी-सू पुरतं पट्ट्याने बाहेर आणि परत आत. आठ दिवसांत खेळायला लागला म्हणून सोडायचा नाही, बहुतेक लोक इथेच चुकतात.

पण पाय लुळे पडले, चालताना अडखळायला लागला, किंवा लघवी आपोआप व्हायला लागली तर विश्रांतीवर थांबायचं नाही, तासांचा हिशोब असतो. पायाला जोरात चिमटा काढूनही कळत नसेल तर २४ तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं. खानदेशातून निघायचं म्हणजे नाशिक, पुणे नाहीतर मुंबई, म्हणून कोणत्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन होतं ते आजच फोन करून विचारून नंबर भिंतीवर लावून ठेवा.

आता बट्टी. दादा, प्रेम आहे हे कळतंय, पण तुपात बुडवलेली बट्टी या कुत्र्याच्या पाठीवर जाऊन बसते. शेरू ९-१० किलोचा पाहिजे, म्हणजे चार किलो जास्तीचं ओझं ती लांब पाठ रोज उचलतेय. बरगड्या डोळ्याला दिसायच्या नाहीत पण हाताला लागायला पाहिजेत, हे माप. घरचं द्यायचं तर उकडलेलं चिकन, अंडं, थोडा भात, दुधी-गाजर, बिनमिठाचं बिनतिखटाचं, आणि रोजचं किती ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. भरीत, शेवभाजी, काळ्या मसाल्याचं काहीही नाही, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला विष आहे, कांद्याच्या पातीनेसुद्धा तेच होतं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट पण नाही. केळ्याचे दोन काप चालतात, आपल्याकडे घडच्या घड असतात म्हणून अख्खं केळं देऊ नका. असं खाणं त्या बट्टीपेक्षा महागही पडत नाही.

बरा झाल्यावर ओट्याच्या पायऱ्यांवर फळी टाकून उतार करा, वर गोणपाट ठोका म्हणजे पाय घसरणार नाही. सुताराला दीड हजार द्या, हा या कुत्र्यावरचा सगळ्यात चांगला खर्च. उचलताना एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली, पाठ आडवी राहिली पाहिजे. पुढच्या पायांना धरून लोंबकळत उचलायचं नाही, मुलांना हे आधी शिकवा. आणि शेतात मोकळा सोडू नका, याला बीळ दिसलं की तोंड घातल्याशिवाय राहवत नाही आणि आपल्याकडच्या बिळात साप असतो.

प्रश्न : भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. डॅशहंड ठेवता येईल का, उन्हाळ्यात काय करायचं, विमा मिळतो का आणि ट्रेनने नेता येतो का?

उत्तर : दुसरा मजला चालेल, पण जिना त्याला चढू-उतरू द्यायचा नाही, रोज चार वेळा तुम्हालाच उचलून न्यावं लागेल, घरात तेवढं करणारं माणूस आहे का बघा. भुसावळचा मे तुम्हाला माहीतच आहे, ४५ च्या पुढे पारा जातो. याचं पोट जमिनीपासून चार बोटं वर, डांबराची धग सरळ पोटाला लागते. सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता गार झाल्यावरच फिरवा, हाताचा पंजा रस्त्यावर ठेवून बघा, तुम्हाला पाच सेकंद ठेवता आला नाही तर त्यालाही नाही. कूलरचं वीजबिल उन्हाळ्यात वाढेल ते धरून चाला.

विमा काही कंपन्या देतात, पण आधीपासून असलेला आजार त्यात बसत नाही, म्हणून घ्यायचा तर लहान असतानाच घ्या आणि पाठीचं ऑपरेशन धरलंय का ते पॉलिसीत वाचून मगच सही करा. ट्रेनचं म्हणाल तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे (दोघांची बंद खोली) किंवा पूर्ण केबिन (चौघांची) तुमच्या नावावर असेल तरच सोबत नेता येतो, पार्सल ऑफिसला बुकिंग आणि लसीचा दाखला लागतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी, आणि एप्रिल-मेमध्ये त्या पेटीत डॅशहंड घालू नका, गाडी भाड्याने करा.