प्रोस्टेट कॅन्सर लवकर सापडला. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा, दुसरे म्हणतात रेडिएशन घ्या. ठरवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय: वय ५९, पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीच्या रक्ततपासणीतला आकडा) ७.४, बायोप्सीत १२ पैकी ३ तुकड्यांत कॅन्सर, ग्लिसन (पेशी किती बिघडल्यात ते सांगणारी पट्टी, आकडा मोठा तितका रोग आक्रमक) ३+४. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात, घरून ‘जे काय ते लवकर उरका’ असा धोशा आहे आणि रात्री झोप लागत नाही.

मी डॉक्टर नाही. आठ वर्षांपूर्वी, वयाच्या ६१व्या वर्षी, मी याच जागी होतो. साडेतीन वर्षं नुसत्या देखरेखीवर काढली, म्हणजे उपचार न करता ठरावीक तपासण्या करत, मग ऑपरेशन करून घेतलं. रेडिएशन मी घेतलं नाही, पण माझ्या थोरल्या साडूंनी घेतलं आणि त्यांच्यासोबत मी बऱ्याचदा बाहेरच्या बाकावर बसलोय. त्यामुळे तिन्ही वाटा थोड्याफार जवळून पाहिल्यात, एवढाच माझा अधिकार.

माझा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर आला. सोबत एक ओळ: डॉक्टर सोमवारी भेटतील. ‘ग्लिसन स्कोअर ६’ वाचून मी हिशेब केला, दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याच्या वर गेलो. दोन रात्री विम्याचे कागद काढून बसलो. सोमवारी कळलं की बायोप्सीत ही पट्टी व्यवहारात सहापासूनच सुरू होते, सहा म्हणजे सगळ्यात खालची पायरी. माझ्यासारख्यांची अशीच फसगत होते म्हणून २०१४ साली पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी १ ते ५ अशी नवी ग्रेड ठरवली. त्यात सहा म्हणजे ग्रेड १, तुमचं ३+४ म्हणजे ग्रेड २. ४+३ ची बेरीजही सातच, पण ती ग्रेड ३, कारण पहिला आकडा ज्या प्रकारच्या पेशी जास्त दिसल्या त्यांचा असतो. तुमच्यात तीनच्या जास्त आहेत, चारच्या कमी. किती कमी, ते रिपोर्टमध्ये टक्क्यांत लिहिलेलं असतं. ५ टक्के चार आणि ४० टक्के चार, दोन्ही कागदावर ३+४ च दिसतं, पण सल्ला बदलू शकतो. तो टक्का आधी शोधा.

आणखी एक. प्रोस्टेट वाढलंय म्हणून तुम्ही फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी घेत होतात का? या गोळ्यांनी काही महिन्यांत पीएसए साधारण निम्मा दिसायला लागतो. तसं असेल तर तुमचा ७.४ हा खरं तर १५ च्या आसपासचा धरायला हवा, आणि मग सगळंच गणित नव्याने मांडावं लागेल. हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं धरून चालू नका.

आता घाईबद्दल. या टप्प्यावरच्या रोगात निर्णयाला महिना-दोन महिने लागले म्हणून सहसा काही बिघडत नाही. ऑपरेशन ठरलं तरी बायोप्सीची सूज उतरावी म्हणून सर्जन काही आठवडे थांबतातच. तेवढ्या वेळात बायोप्सीच्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्या, शक्यतो ज्याचं रोजचं काम प्रोस्टेटचंच आहे अशाकडून. तीन की चार हे शेवटी माणूस सूक्ष्मदर्शकातून बघून ठरवतो, आणि त्यात मतभेद होतात. वहिनींना हे नीट समजावून सांगा. त्यांचं ‘लवकर उरका’ भीतीतून येतंय, आणि ‘थांबलं तरी चालेल’ हे त्यांनी डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलेलं बरं. माझी बायको सोबत आली तेव्हा, मला विचारायला लाज वाटत होती ते सगळे प्रश्न तिनेच विचारले.

दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात? खोटं कुणीच बोलत नाही. ज्याने उभं आयुष्य ऑपरेशनं केली त्याला त्याचेच बरे झालेले पेशंट आठवतात, रेडिएशनवाल्याला त्याचे. पेशंटही तसेच, आपला तो बाब्या. मीही त्यातलाच, म्हणून मी सांगतो त्यातून दहा-वीस टक्के वजा करून घ्या.

या वादावर मला सगळ्यात उपयोगी पडला तो ब्रिटनमधला प्रोटेक्ट नावाचा अभ्यास. त्यात १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं: देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन. पंधरा वर्षांनंतरचे आकडे २०२३ मध्ये आले. एकूण ३५६ जण वारले, पण प्रोस्टेटच्या कॅन्सरने फक्त ४५. तिन्ही गटांत हे प्रमाण शंभरात दोन-तीन इतकंच होतं, म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक दुसरीकडे होता. देखरेखीच्या गटात शंभरातल्या नऊ जणांचा रोग शरीरात इतरत्र पसरला, बाकी दोन गटांत पाचेक जणांचा. आणि देखरेखीवाल्यांपैकी साधारण साठ टक्के लोकांनी पंधरा वर्षांत कधी ना कधी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. तुमच्यासाठी यात एक मेख आहे: त्यातले बहुतेक जण ग्लिसन सहाचे होते, तुमच्यासारखे कमी. उलट बाजूने हेही खरं की त्या काळची देखरेख बरीच ढिली होती, मुख्यतः पीएसएवर चाललेली. आता एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी असते.

म्हणजे जीव वाचण्याच्या हिशेबात ऑपरेशन आणि रेडिएशन जवळपास बरोबरीत सुटतात. मग ठरवायचं कशावर? कुठला त्रास तुम्हाला झेपेल त्यावर. हे मला कुणी इतक्या उघड सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

ऑपरेशनचा त्रास आधी येतो आणि हळूहळू कमी होतो. कॅथेटर (लघवीची नळी) काढला त्या दिवशी मी आनंदाने खुर्चीतून उठलो आणि उठता उठताच पॅन्ट ओली झाली. बसलेलं असताना ठीक, पडून असताना ठीक, पण उठताना, शिंकताना, पिशवी उचलताना गळायचं. मी वहीत रोज पॅड मोजायचो. पहिल्या आठवड्यात दिवसाला ५, तिसऱ्या महिन्यात २, नवव्या महिन्यात शून्य, जोराची शिंक सोडून. त्या काळात मी फक्त काळ्या पॅन्ट वापरल्या. प्रोटेक्टमध्ये सहा महिन्यांनी पॅड वापरणारे ऑपरेशनच्या गटात ४६ टक्के होते, रेडिएशनच्या गटात ५ टक्के. सहा वर्षांनी १७ आणि ४. म्हणजे बहुतेकांचं थांबतं, पण सगळ्यांचं नाही.

ताठरतेबद्दल स्पष्टच लिहितो, कारण नाव लपवून विचारलेल्या प्रश्नातसुद्धा हे कुणी विचारत नाही. प्रोटेक्टमध्ये उपचाराआधी संभोगापुरती ताठरता ६७ टक्के पुरुषांना होती. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांत १२ टक्के, रेडिएशनवाल्यांत २२, देखरेखीत ५२. पुढे ऑपरेशनवाल्यांचं काही प्रमाणात सुधारतं, रेडिएशनवाल्यांचं वर्षांमागून कमी होत जातं, आणि वय आपलं काम करतच असतं. माझं पूर्वीसारखं झालं नाही. गोळी घेऊन काम चालतं, कधी चालत नाही. वीर्य बाहेर पडणं ऑपरेशननंतर कायमचं बंद होतं, तृप्तीची भावना मात्र राहते. हे मला ऑपरेशननंतर कळलं, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांनी ऑपरेशनच्या रोबो यंत्राची माहिती दिली, ही गोष्ट राहून गेली. ताठरतेचे मज्जातंतू वाचवता येतील का, एका बाजूचे की दोन्ही, हे आधी विचारा. गाठ कुठे आहे त्यावर ते अवलंबून असतं.

ऑपरेशन रोबोच्या मदतीने की साधं, यावर मी फार झोप उडवली होती. ऑस्ट्रेलियात दोन्हींची समोरासमोर तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनी लघवी आणि लैंगिक बाबतीत निकाल सारखेच निघाले. यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. वर्षाला किती करता, आणि तुमचे किती पेशंट वर्षभरात एकही पॅड न लावता असतात, असं विचारा. ‘एकही’ वर जोर द्या, कारण काही जण दिवसाला एक पॅड म्हणजे ‘कोरडा’ धरतात.

साडूंचं रेडिएशन २० बैठकांचं होतं, चार आठवडे. निवडक पेशंटना आता पाच बैठकांतही देतात. टेबलावर पोट साफ आणि लघवी भरलेली हवी, म्हणजे आतले अवयव रोज एकाच जागी राहतात. ते पाणी पिऊन बाकावर पाय आवळून बसायचे आणि यंत्र उशिरा रिकामं झालं की माझ्यावर चिडायचे, जणू यंत्र मीच अडवलंय. थकवा आला, लघवीला जळजळ आणि वारंवार जावं लागणं काही आठवडे राहिलं. दोन वर्षांनी शौचात रक्त दिसलं. हा रेडिएशनचा उशिराचा त्रास, त्यांचा थोडक्यात निभावला. शिवाय त्यांना सहा महिने हार्मोनची, म्हणजे पुरुषी हार्मोन दाबणारी, इंजेक्शनं होती. घामाचे लोट यायचे, तेव्हा म्हणाले, ‘आता कळलं, पाळी जाताना आमच्या हिला काय होत होतं.’ तुमच्या ग्रेडला हार्मोन लागतीलच असं नाही. रेडिएशनच्या डॉक्टरांना हे आधीच विचारा, कारण ‘नुसतं रेडिएशन’ आणि ‘रेडिएशन अधिक हार्मोन’ यांत जगण्याच्या दृष्टीने बराच फरक आहे.

काही गोष्टी निर्णय एका बाजूला ढकलतात. आत्ताच लघवीला धार बारीक असेल, अडकत असेल, तर ऑपरेशनने ते सुटू शकतं, रेडिएशनने काही काळ वाढू शकतं. आतड्यांना जुनी सूज असेल तर रेडिएशनवाले बिचकतात. हृदयाचा आजार असेल तर भूल देणारे बिचकतात. सर्जन एक मुद्दा हमखास सांगतील: ऑपरेशननंतर पीएसए वाढला तर रेडिएशन देता येतं, पण रेडिएशननंतर ऑपरेशन अवघड. हे खरं आहे. पण परतलेल्या रोगावर इतर उपाय असतात, तेव्हा एवढ्या एकाच मुद्द्यावर ठरवू नका. स्वभावही बघा. ऑपरेशननंतर पीएसए जवळजवळ शून्यावर येतो, आकडा स्वच्छ कळतो. रेडिएशननंतर तो वर्ष-दोन वर्षं हळूहळू उतरतो, मध्येच थोडा वर उडीही मारतो. रिपोर्टची फाइल उघडताना माझा हात थरथरायचा, म्हणून मला तो स्वच्छ आकडा हवा होता. साडूंना पॅडची कल्पनाच सहन होत नव्हती. दोघंही आपापल्या जागी बरोबर ठरलो.

आणि देखरेख? तुमच्या प्रश्नात तिचं नावच नाही, म्हणजे दोघांपैकी कुणी काढलं नसावं. चारचा टक्का दहाच्या आत असेल, एमआरआयमध्ये गाठ लहान आणि ग्रंथीच्या आतच असेल, तर ३+४ मध्येही काही डॉक्टर देखरेखीला तयार होतात. तुमचं वय ५९, म्हणजे पुढे बरीच वर्षं, म्हणून मी स्वतः तुमच्या जागी कदाचित उपचाराकडे झुकलो असतो. पण विचारल्याशिवाय नाही. मी सहावर देखरेखीत होतो, दर सहा महिन्यांनी पीएसए, अधूनमधून एमआरआय, पुन्हा बायोप्सी. साडेतीन वर्षांनी त्यात जास्त तुकड्यांत ३+४ निघाला तेव्हा ऑपरेशन केलं. ती साडेतीन वर्षं फुकट गेली असं मला एकदाही वाटलं नाही. पॅडशिवायची वर्षं होती ती. घरात मात्र तपासणीच्या आधीचा आठवडा दरवेळी कठीण जायचा, ते लपवत नाही.

काहीही ठरो, लघवी रोखायच्या स्नायूंचे व्यायाम आजपासूनच सुरू करा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, मी दोन महिने चुकीचे स्नायू आवळत होतो. आणि रिपोर्टमध्ये ‘क्रिब्रिफॉर्म’ (चारच्या पेशींची चाळणीसारखी, जास्त धोक्याची मांडणी) असा शब्द आहे का ते आजच बघा. असेल तर देखरेखीचा मी वर लिहिलेला परिच्छेद तुमच्यासाठी नाही असं समजा, आणि स्लाइड दुसऱ्यांदा तपासताना तो शब्द मुद्दाम विचारा. तो शब्द आणि चारचा टक्का, एवढं कळलं की खाली लिहा. त्यावरून पुढच्या भेटीत काय काय विचारायचं, ते मी माझी जुनी वही काढून सांगतो.