पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीच्या आलेखात २०१४ पासून भारतातलं मनोविकार-संशोधन एकदम उसळलेलं दिसतं. प्रबंधात ही खरी वाढ म्हणून दाखवता येईल का?

तशीच्या तशी नाही. २०१३ पर्यंत पबमेडमध्ये साधारणपणे फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जायचा, २०१४ पासून सगळ्यांचे पत्ते येऊ लागले. पहिला लेखक लंडनचा आणि तिसरा बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार संस्थेचा, असा २०१२ चा लेख तुमच्या 'इंडिया'च्या शोधात येत नाही. २०१५ चा येतो. उसळीतला बराच भाग यातून येतो.

म्हणून सगळ्या वर्षांना पहिल्या लेखकाच्या पत्त्याचाच निकष लावा. शोधाच्या चौकटीत हे जमत नाही, नोंदी उतरवून गाळाव्या लागतात. एका वेळी १०,००० च नोंदी मिळतात, तेव्हा वर्षावर्षाने घ्या. सीएसव्ही या तक्त्याच्या फाइलीत पत्ते नसतात, 'पबमेड' फॉरमॅट निवडा आणि पहिल्या लेखकाच्या नावाखालची 'एडी' (AD) ही पत्त्याची ओळ तपासा. 'इंडिया'पुढे तारांकन (*, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द) लावू नका, सगळं इंडियाना राज्य आत येतं. शहरांची नावं घालणार असाल तर मुंबईबरोबर बॉम्बे, पुण्याबरोबर पूना हवंच. आणि हैदराबाद सिंधमध्येही आहे.

विषय फक्त मेश शब्दांनी, म्हणजे पबमेडमध्ये लेखांना लावलेल्या ठरावीक विषयशब्दांनी, शोधू नका. 'इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री'चे लेख पबमेडमध्ये पीएमसी या संपूर्ण लेखांच्या मोफत संग्रहामार्गे येतात, त्यांना बहुधा मेश शब्द लागलेले नसतात. घरचंच नियतकालिक निसटलं तर मोजणीला काय अर्थ? शीर्षक व सारांशातले शब्दही जोडा. शिवाय पबमेडचा वर्षवार आलेख ऑनलाइन आणि छापील, दोन्ही तारखा धरतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या सीमेवरचा लेख दोन वर्षांत दिसू शकतो. एकच तारीख ठरवून स्वतः मोजा.

आता सूत्र. संशोधनाची वाढ मोजणाऱ्या आपल्याकडच्या लेखांत सापेक्ष वाढदर (एका वर्षात लॉगरिदमने किती वाढ झाली तो आकडा) आतापर्यंतच्या सगळ्या लेखांच्या एकत्रित बेरजेवर काढायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. समजा दरवर्षी बरोबर १०० लेख येतात. बेरीज १००, २००, ३०० अशी जाते. नैसर्गिक लॉगरिदमच्या फरकाने दुसऱ्या वर्षी दर ०.६९, तिसऱ्या वर्षी ०.४१, दहाव्या वर्षी जेमतेम ०.११. दुप्पट होण्याचा काळ एका वर्षावरून साडेसहा वर्षांवर जातो आणि निष्कर्षात लिहिलं जातं, 'संशोधनाचा वेग मंदावला'. प्रत्यक्षात वेग तसूभरही बदललेला नाही! दर वार्षिक संख्येवर काढा: १० वर्षांत २०० चे ८०० झाले तर चक्रवाढ दर सुमारे १४.९ टक्के, दुप्पट व्हायला ५ वर्षं.

तरीही नुसती संख्या पुरत नाही, कारण भारतातलं सगळंच वैद्यकीय लेखन वाढतंय. त्याच गाळणीने भारताचे एकूण लेख काढून मनोविकारांचा वाटा टक्क्यांत मांडा. वाटा स्थिर असेल तर तसं स्पष्ट लिहा, परीक्षक त्याला हरकत घेणार नाहीत. संपादकास पत्रं, संपादकीयं आणि रुग्णवृत्तान्त वेगळ्या रकान्यात ठेवा, विशेषतः २०२०-२१ साठी. कोविडवरच्या छोट्या पत्रांनी ती दोन वर्षं फुगलेली असतात. चालू वर्ष आलेखातून वगळा, त्याच्या नोंदी अजून भरायच्याच असतात.