शिंजीर फोटोत काळाच का येतो?

प्रश्न : आमच्या अंगणातल्या जास्वंदीवर रोज शिंजीर हा इवलासा पक्षी येतो. फोटोत मात्र नुसता काळा डाग, तोही हललेला. काय करू?
– एक वाचिका, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, नराचा जांभळा-निळा रंग पिसांच्या रचनेमुळे चमकतो, उजेड पिसांवरून तुमच्याकडे परतला तरच तो दिसतो. म्हणून सकाळी सूर्य पाठीशी घ्या. फोटो हलू नये म्हणून शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. मागे धावू नका, तो त्याच झाडावर पुन्हा येतो. एका फुलावर फोकस धरून थांबा. पुष्कळदा तो जास्वंदीच्या बुडाशी चोच खुपसून बाहेरूनच मध ओढतो, तेव्हा फार सुरेख दिसतो! घरट्याजवळ मात्र कॅमेरा नेऊच नका, हे कळकळीनं सांगतो. आणि आपल्या नागपुरी मे महिन्यात सावलीत मातीचं पसरट भांडं भरून ठेवा, पाणी रोज बदला.