स्वनिधी हाताशी असूनही गावाचे काम का अडते

गटाराच्या कामाचा ठराव ग्रामसभेत झाला, स्वनिधीत, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या निधीत, पैसे आहेत, खोदाईही झाली. पण आता सरपंच ग्रामसेवकांकडे बोट दाखवतात, ग्रामसेवक पंचायत समितीकडे आणि पंचायत समिती पुन्हा गावाकडे, असे आपण लिहिले आहे. वेगळी संस्था काढून तिच्यामार्फत काम करावे का, असेही आपण विचारले आहे. ग्रामपंचायत सदस्य असताना मी याच फेऱ्यातून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. निविदा आणि मंजुरीची प्राथमिक माहिती आपल्याला असणार, ती पुन्हा देत नाही.

ग्रामनिधी पंचायतीचा असतो. कर बसवण्याचा अधिकारही १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीला दिला आहे. मात्र ग्रामसेवक (२०२४ पासून पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’) हे जिल्हा परिषदेचे कर्मचारी असून त्यांचे वरिष्ठ गटविकास अधिकारी असतात, तर अंदाजपत्रक तयार करणारे आणि मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ज्या वहीतील मापांवरून ठेकेदाराचे देयक निघते तिच्यात, नोंद घेणारे अभियंते बांधकाम विभागाच्या साखळीत असतात. या अभियंत्यांचे काम, बदली आणि रजा यांपैकी काहीही सरपंचांच्या हाती नसते. पैसे देणाऱ्याचा शब्द मोजमाप घेणाऱ्यावर चालत नाही, हे रचनेतच आहे, आणि आपल्या गावातील टोलवाटोलवीचे मूळ मला तिथेच दिसते.

आमच्याकडे सर्वाधिक नुकसान एका उपविभागीय कार्यालयामुळे झाले. शाखा अभियंत्यांकडे शेजारच्या भागाचा अतिरिक्त कार्यभार होता. सोलिंग (तळाखालचा दगडांचा थर) आणि तळाचे काँक्रीट पडले तेव्हा ते स्वतः हजर होते, मापे त्यांनी एका कागदावर टिपून नेली, पण पुस्तिकेत नोंद होण्यापूर्वीच त्यांची बदली झाली. नवे अभियंता म्हणाले, जे थर मी पाहिले नाहीत त्यांची नोंद मी कशी घेऊ. आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते. कार्यालयाने पूर्वीच्या अभियंत्यांकडून नोंद आणायला सांगितले, त्यांनी पुस्तिका आता आपल्या ताब्यात नसल्याचे कळवले, आणि बाब तांत्रिक असल्याने आपण त्यात पडत नाही, असे गटविकास अधिकाऱ्यांनी सांगितले. देयक अडकल्याने ठेकेदाराने भिंतींच्या सळ्या तशाच उभ्या ठेवून माणसे हलवली. पावसाळ्यात त्या चरात पाणी तुंबून लगतच्या घरांत शिरले, सळ्यांवर गंज चढला, आणि अखेर चांगला झालेला तळ दोन ठिकाणी फोडून जाडी मोजावी लागली. त्या कार्यालयात कोणी पैसे मागितले नाहीत की खोटे बोलले नाही. हे काम आपले आहे असे म्हणणारा मात्र तिथे एकही माणूस नव्हता, आणि त्याचा संताप मला आजही येतो.

म्हणून माझा आग्रह असा की, तळाचे काँक्रीट टाकण्याआधी मोजमाप कोणते अभियंता घेणार हे उपविभागाचे प्रमुख असलेल्या उपअभियंत्यांकडून लेखी घ्यावे, आणि झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक थराची नोंद पुस्तिकेत झाल्याखेरीज पुढचा थर टाकू नये, अशी सूचना ठेकेदाराला लेखी द्यावी. मोजपट्टी लावून काढलेली छायाचित्रे जरूर ठेवावीत, परंतु ती नोंदीची जागा घेत नाहीत.

वेगळ्या संस्थेच्या मी स्पष्टपणे विरोधात आहे. सार्वजनिक जागेवरचे गटार पुढे पंचायतीलाच सांभाळावे लागते, आणि ग्रामनिधी खाजगी संस्थेकडे वळवला की लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची दाट शक्यता असते. त्यापेक्षा अधिनियमाच्या कलम ४९ खालील ग्रामविकास समितीकडे कामाची देखरेख सोपवावी.

शिल्लक रकमेचा अंदाजही पुन्हा तपासावा. स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च राखावा लागतो, त्यामुळे हाती दिसणारी सगळी रक्कम गटाराला वापरता येत नाही. २०२५-२६ पर्यंतच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायच्या, निधीत स्वच्छतेचा हिस्सा होता. तो शिल्लक असेल तर सांडपाण्याचे काम त्यातून बसते का, हे विचारून पाहावे.

आणखी एक शक्यता नजरेआड करू नये. थेट सरपंच निवड २०१७ मध्ये सुरू झाली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. सरपंच थेट निवडून आलेले असतील आणि सदस्यांचे बहुमत विरोधात असेल, तर ग्रामसभेने मंजूर केलेल्या कामाचा खर्च मासिक सभेत अडू शकतो. मग पंचायत समितीत कितीही खेटे घातले तरी काम हलणार नाही. मी कायदेतज्ज्ञ नाही आणि शासन निर्णय वरचेवर बदलतात, तेव्हा वरील टक्केवारी व नियम पंचायत समितीतील विस्तार अधिकाऱ्यांकडून पडताळून घ्यावेत. आपल्या कामाला तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी) कोणाच्या सहीने मिळाली आणि मोजमाप पुस्तिका सध्या कोणाच्या ताब्यात आहे, एवढे कळवल्यास पुढचे पत्र कोणाला लिहावे ते सांगता येईल.