हेलियम विजयदुर्गाचा, सूर्याचा की युरेनियमचा?

विजयदुर्गावर तुमच्या नववीतल्या मुलीला कुणीतरी सांगितलं की हेलियम इथे सापडला. घरी येऊन ती पुस्तकात वाचते, तर युरेनियममधून सुटणारा अल्फा कण म्हणजेच हेलियमचं केंद्रक! मग खरा कुठला, असं ती विचारते आहे. देवगड तालुक्यात बरीच वर्षं विज्ञान शिकवलं, पण दोन गोष्टी अशा जोडून विचारणारं पोर क्वचित भेटलं. तिला शाबासकी सांगा.

आधी किल्ल्याचं. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाची सावली आपल्या किनाऱ्यावरून पार गुंटूर, मछलीपट्टणपर्यंत गेली. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर तिथे उभे होते असं सांगतात. ते तेव्हा इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी ग्रहण गुंटूरहून पाहिलं, आणि लॉकियर यांनी 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, पाहिला. किल्ल्याचा अभिमान मलाही आहे, म्हणूनच मुलांना चुकीचं सांगू नये असं वाटतं.

त्या वर्णपटात एक पिवळी रेघ होती. चुलीत चिमूटभर मीठ टाकलं की ज्वाला पिवळीधमक होते ना, ते सोडियम; त्याच्या रेघा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर. ही नवी रेघ 587.6 वर. एवढ्याशा फरकामुळे अनेकांना ती आधी सोडियमचीच वाटली. लॉकियर यांनी तो फरक धरला आणि मूलद्रव्य नवं मानलं. नाव सूर्यावरून, ग्रीक 'हेलिओस'. 1869 च्या मेंडेलीव्हच्या आवर्त सारणीत, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्यात, त्याला जागाच नव्हती.

पृथ्वीवर ते 1895 साली रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांच्या हाती लागलं, आणि मिळालं कशातून, तर क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून! आम्लात टाकल्यावर जो वायू सुटला, त्यात तीच पिवळी रेघ.

तुमच्या मुलीचा धागा इथे जुळतो. युरेनियम-238 च्या केंद्रकातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र बाहेर पडतात. प्रोटॉन 92 चे 90, एकूण कण 238 चे 234, म्हणजे थोरियम. बाहेर पडलेला गठ्ठा, म्हणजेच अल्फा कण, दगडातच अडकतो, आजूबाजूचे दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि पुरा हेलियम अणू होतो. त्या दोघांनी पहिली कक्षा भरते, म्हणून तो कुणाशी संयोग पावत नाही आणि सारणीत क्रमांक 2 असूनही उजव्या टोकाला, निष्क्रिय वायूंच्या रांगेत बसतो. असंच फुटत फुटत शिसं होईपर्यंत एक युरेनियम अणू असे आठ हेलियम देतो. निम्मं युरेनियम संपायला मात्र सुमारे 450 कोटी वर्षं लागतात.

रदरफर्ड आणि रॉइड्स यांचा प्रयोग तिला जरूर सांगा. अत्यंत पातळ काचेच्या नळीत रेडॉन हा अल्फा कण सोडणारा वायू कोंडला. काचेतून वायू जाईना, पण अल्फा कण आरपार गेले. बाहेरच्या नळीत ते काही दिवस साठू दिले, मग विजेचा झोत सोडला. पुन्हा तीच पिवळी रेघ दिसली.

म्हणजे सूर्यातला हेलियम आणि खडकातला हेलियम एकच, फक्त जन्म वेगळा. फुग्यात भरतात तो जमिनीखालचा, युरेनियम-थोरियमपासून साठलेला, नैसर्गिक वायूबरोबर काढलेला. कुणकेश्वरच्या जत्रेतला फुगा मात्र विस्तवाजवळ नेऊ देऊ नका, अशा फुग्यांत कधी कधी हायड्रोजन असतो आणि तो भडकतो.