मित्राचं आजारपण आणि हातातला कॅमेरा

'जवळच्या मित्राच्या आजारपणावर छोटी फिल्म करतोय. त्याचा होकार आहे. पण हल्ली मी त्याला भेटायला जातोय की शूटिंगला, हेच कळेनासं झालंय. मी त्याच्या आजाराचा वापर तर करत नाही ना?'

फोनमध्येच कॅमेरा आल्यापासून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत वारंवार समोर येतो. तो विचारणाऱ्या एका तरुणाची ही हकीकत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्याच्या मित्राची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिस. दोघं शाळेपासूनचे सोबती. चार महिन्यांत बरंच चित्रीकरण झालं होतं आणि त्याच काळात दोघांमधलं बोलणं आटलं होतं. त्याला सतावणारी गोष्ट माझ्याशी झालेल्या तिसऱ्या भेटीत बाहेर आली. डायलिसिस चालू असताना मित्राच्या पोटरीत गोळा आला, तो कळवळला, आणि याच्या मनात पहिला विचार आला, 'चांगला शॉट मिळाला.' तेव्हापासून स्वतःची किळस येत होती.

असा विचार मनात येतोच. फिल्म करणाऱ्याचं लक्ष चौकटीकडे असतं, आणि समोरचं दुःख सोसवत नसलं की मन त्या चौकटीचा आडोसा घेतं. त्याने मैत्री खोटी ठरत नाही. तपासायचं होतं ते पुढचं: त्या क्षणी कॅमेरा खाली गेला का? तो गेला नव्हता.

म्हणून त्याला त्या दिवसाचं चित्रीकरण न कापता, सलग, आवाजासह पाहायला सांगितलं. फिस्टुलाच्या हातावर (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ज्या हातातली शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडलेली असते तो हात) मित्र दुसऱ्या हाताने चादर ओढून घेतो. थोड्या वेळाने हसत म्हणतो, 'पुरे रे.' चित्रीकरण चालूच राहतं. पुन्हा एकदा 'पुरे', या वेळी हसू नाही, मान भिंतीकडे वळलेली. शूटिंग करताना यातलं काहीच त्याला ऐकू आलं नव्हतं. स्क्रीनवरचा फोकस आणि बॅटरीचा आकडा पाहण्यात तो गुंतला होता.

पहिल्या दिवशी घेतलेला होकार खरा होता, पण त्यावर चार महिने काढले गेले होते. आजारी माणसाला 'नको' म्हणणं जड जातं. आपल्यासाठी येणारा मित्र दुखावला तर तो यायचाच थांबेल, ही भीती असते. त्यामुळे 'नको' हा शब्द त्याला सोपा करून द्यायची जबाबदारी कॅमेरा धरणाऱ्याची. दोघांनी मग एक खूण ठरवली: तळहात पलंगावर उपडा ठेवला की रेकॉर्डिंग बंद. कारण विचारायचं नाही, 'एवढंच एक' म्हणायचं नाही. काय टिपायचं नाही हेही आधीच ठरलं: सुया टोचण्याची वेळ, वेदना, रक्तदाब घसरून येणारी चक्कर. डायलिसिसच्या उत्तरार्धात, शरीरातलं बरंच पाणी काढून झालेलं असताना, पायात गोळे येणं आणि रक्तदाब उतरणं जास्त घडतं. म्हणून शेवटच्या दीड तासात कॅमेरा पिशवीतच.

होकार खरं तर तीन वेगवेगळे लागतात: टिपण्याचा, फिल्ममध्ये ठेवण्याचा आणि लोकांना दाखवण्याचा. पहिला मिळाला की बाकीचे दोन मिळाले असं गृहीत धरलं जातं आणि पुढे भांडणं होतात ती इथेच. चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण तो तोंडातून निघत नाही: 'तुझी तब्येत बिघडली आणि तुला सांगता आलं नाही, तर या फिल्मचं काय करायचं हे कोण ठरवेल?' हा विचारायला त्याला तीन आठवडे लागले. मित्राने क्षणभरही न थांबता धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं. त्याने याचा विचार आधीच केला होता. हे सगळं कागदावर लिहून दोघांनी सही केली आणि बहिणीलाही सांगितलं. डायलिसिस विभागाची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. शेजारच्या पलंगावरचे रुग्ण चौकटीत येता कामा नयेत, पाठमोरेसुद्धा. माणूस पाठीवरूनही ओळखू येतो.

वेळ चुकली की माणूस रुक्ष वाटतो, हे त्याच्या बाबतीत झालं होतं. तो मुलाखती डायलिसिस संपल्यावर घ्यायचा, म्हणजे मित्र पार गळून गेलेला असताना. एका शब्दात उत्तरं यायची आणि याला वाटायचं, तो आपल्यावर नाराज आहे. मुलाखती मधल्या मोकळ्या दिवशी सकाळी, वीस-पंचवीस मिनिटांच्या, घेतल्यावर तोच मित्र भरभरून बोलू लागला. मित्राच्या पाणी पिण्यावर मर्यादा असते, तेव्हा त्याच्यासमोर बाटली तोंडाला लावायची नाही, एवढं भानही पुरतं.

तांत्रिक गोष्टींचाही नात्यावर परिणाम होतो. 'पुन्हा एकदा बोल' असं आजारी माणसाला सांगावं लागू नये, यासाठी आवाज पहिल्याच वेळी नीट यायला हवा. कॉलर माइक हनुवटीच्या वीतभर खाली, वायर फिस्टुलाच्या हातावरून न नेता. त्या हातावर पट्टा, वजन, दाब काहीही नको. फोन एअरप्लेन मोडवर. कुणी बोलत नसताना खोलीचा आवाज एक मिनिट वेगळा टिपून ठेवायचा. तो जोडांखाली घातला की यंत्राची घरघर संपादनात तुटक वाटत नाही. दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकत असतील तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२० सेकंद. त्याच दिवशी फायलींच्या दोन प्रती, वेगवेगळ्या ठिकाणी. हा आवाज पुन्हा मिळेलच याची खात्री नसते.

संपादनाचा त्रास मात्र त्याच्या लक्षातच आला नव्हता. रात्री दोनपर्यंत, हेडफोन लावून, 'मला भीती वाटते' हे एकच वाक्य तीस-तीस वेळा ऐकायचं. मग झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी मित्रासमोर सुन्नपणा. त्याची पद्धत बदलली. आधी सगळं बोलणं वेळेच्या नोंदीसह वहीत लिहायचं, निवड कागदावर करायची, मगच फाइल उघडायची. सलग पाऊण तासाच्या वर बसायचं नाही. जड दृश्यं आधी आवाज बंद करून जुळवायची. झोपण्याआधी आणि मित्राला भेटण्याआधी संपादन नाही. आणि एका कॅमेरा-भेटीमागे किमान दोन भेटी कॅमेऱ्याशिवाय. पहिल्या अशा भेटीत हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना. दोघं तासभर जुन्या मास्तरांच्या नकला करत बसले. 'हे टिपायला हवं होतं,' असं त्याला वाटलंच, पण फोन खिशातच राहिला.

कच्ची फिल्म २२ मिनिटांची झाली. ती आधी एकट्या मित्राला दाखवली, थांबवायचं बटण त्याच्याच हातात. त्याने दोन गोष्टी काढायला सांगितल्या. एक, आई दारात उभी राहून डोळे पुसते ते. दुसरी, वजनकाट्याचा आकडा. दोन्ही फिल्ममधली सगळ्यात ताकदीची दृश्यं होती, असं हा आजही म्हणतो. त्याने ती काढली. 'पुरे रे' असलेलं दृश्य त्याने आधीच वगळलं होतं. मित्राने त्याबद्दल विचारलं, तेव्हा तो तुकडाही उघडून दाखवला. मित्राने तो दोनदा पाहिला आणि म्हणाला, 'हे राहू दे. पण माझ्या दुसऱ्या "पुरे"नंतर लगेच काळोख कर.'